चेंडू ज्यानं मारला त्यानंच न्यावा

आधी तक्रार लिहिते, नमस्कार मागून. गौरवग्रंथ समितीचं पत्र घरी आलं. माझ्या नातीनं, रेणूनं, ते वाचून दाखवलं. श्री. मोरेश्वरराव बावणे यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त ते मुलींच्या फुटबॉल संघाला शिकवणं थांबवत आहेत, तरी आपण चार गोड शब्द लिहावेत, असं त्यात होतं. मोरेश्वरराव रोज सकाळी मैदानावरून परतताना माझ्या ओट्यावर चहा पितात. पत्राच्या आदल्या दिवशीही प्याले. दोन कप. पण चकार शब्द नाही. ही बातमी मला सचिवांच्या सहीनं काहून कळावी?

असो. ग्रंथाच्या सर्व वाचकांना नमस्कार. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे आणि गोड लिहायची सवय नाही. समितीनं हे ध्यानात घेऊन छापावं.

मोरेश्वररावांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. आमच्या अंगणाची भिंत मैदानाला लागून आहे. त्या उन्हाळ्यात मी बाजेवर जुनं लुगडं पसरून मुंगवड्या वाळत घातल्या होत्या. चेंडू आला तो बरोबर मधोमध. लगेच भिंतीवर पाच-सहा डोकी उगवली. "काकू, बॉल द्या ना!" मी चेंडू उचलून घरात ठेवला आणि ओरडून सांगितलं, "ज्यानं मारला त्यानं समोरच्या दारानं यावं. दुसऱ्या कोनाले भेटनार नाही." डोकी खाली गेली. थोड्या वेळानं दार वाजलं. काड्यांसारखे पाय, त्यात दोन रंगांचे दोन मोजे.

"मीच मारला, काकू."

"काहून मारला गा? माह्या वड्यांनी तुहं काय बिघडवलं होतं?"

"गोलमध्ये मारला होता. वरून गेला."

"मंग गोल का माह्या बाजेवर हाये?"

त्यांना मी बाजेपाशी बसवलं आणि चांगल्या वड्या आणि चुरा वेगळा करायला लावलं. एक वडी त्यांनी खाल्लीही, मी पाहिलं. तेव्हा ते सोळा वर्षांचे होते आणि मी त्यांना पोट्ट्या म्हणत होते. आता ग्रंथात आले आहेत म्हणून अहो-जाहो.

पुढे हा आमच्या घराचा नियमच झाला. बाकीची पोरं नाव लपवत, एकमेकांना ढकलत. मोरेश्वरराव सरळ दारात येऊन उभे राहत. त्या उन्हाळ्यात ते इतक्यांदा आले की मी वड्या गच्चीवर नेल्या. तर चेंडू गच्चीवर येऊ लागला. पुढच्या उन्हाळ्यात मात्र यायचा थांबला. पोराला नेम सापडला होता. मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं असं कोणी लिहू नये. वड्या छान वाळल्या.

त्यांचे वडील गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलत. मुलानंही तेच करावं असं त्यांचं मत. मोरेश्वररावांना कोलकात्याच्या क्लबाचं बोलावणं आलं तेव्हा वडील माझ्याकडे आले. म्हणाले, "बाई, लाथा मारून कोनाचं पोट भरते काय?" मी म्हटलं, "गठ्ठे कोनीबी उचलते. माह्या गच्चीवर चेंडू तुमचाच पोरगा पोहोचवते. जाऊ द्या त्याले." मुलाची ट्रंक त्यांनीच स्टेशनवर नेली.

तिथे त्यांनी किती गोल केले ते जाणकार लिहितील. ऑफसाइड म्हणजे काय ते रेणूनं मला तीनदा समजावलं आहे, अजून पटलेलं नाही. मला एकच सामना ठाऊक आहे, तोही त्यांच्या पत्नी नलिनीबाईंनी सांगितला म्हणून. शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मिळाली आणि मोरेश्वररावांनी ती बाहेर मारली. संघ हरला. फाटकावर गर्दी खवळली. क्लबवाले म्हणाले, मागच्या दारानं निघून जा. हे पिशवी खांद्याला लावून पुढच्या फाटकानं निघाले, आणि मोडक्यातोडक्या बंगालीत म्हणाले, "मीच मारली." गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना चहा पाजला आणि कप रिकामा होईपर्यंत शिव्या दिल्या. त्यांनी चहाही पूर्ण घेतला आणि शिव्याही. पुढच्या सामन्यात दोन गोल केले. म्हातारा पुन्हा फाटकावर. म्हणाला, तीन व्हायला हवे होते. असा माणूस मला नागपुरात भेटायला हवा होता.

खेळणं संपल्यावर मोरेश्वरराव परत आले आणि मुलींचा संघ काढला. रेणू मोठी झाल्यावर तिनंही हट्ट धरला, मी नाही म्हटलं. ते आले. समोरच्याच दारानं.

"काकू, रेणूले पाठवा."

"हाफ पँटीत? साऱ्या वस्तीसमोर?"

"मी पयल्या दिवशी तुमच्या दारात कोनत्या पँटीत आलतो?"

मी माझा शब्द मागे घेतला. असं क्वचित होतं. रेणू गेली, आणि आता फॉरवर्ड खेळते.

पूर्वी मुलींना मैदान मिळायचं ते मुलांचं झाल्यावर, ऊन डोक्यावर आल्यावर. मोरेश्वररावांनी महिनाभर मैदानाच्या ऑफिसातल्या बाकावर रोज ठाण मांडलं आणि सकाळी सहाची वेळ मिळवली. ती त्यांच्याच नावावर आहे. चौदा मुली येतात, त्यातली एक सावनेरहून पहिल्या बसनं. मागच्या आठवड्यात मुलांचे मास्तर रेणूला म्हणाले, "तुमचे सर गेले की तो टाइम आमालेच भेटन." मास्तर हसून बोलले, पण पोरगी जेवली नाही.

गुडघा गेला आहे हे मला दिसतं. ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना मोरेश्वरराव भिंत धरतात. मुलींना धावून दाखवता येत नाही याची त्यांना लाज वाटते, असं नलिनीबाई म्हणाल्या. अहो, तुम्हाला धावायला सांगितलं कोणी? मुली धावतील. तुम्ही बसून ओरडा. तोंडाला गुडघे नसतात. मी कित्येक वर्षं या ओट्यावर बसून अख्खी गल्ली चालवते आहे. आमची लोखंडी खुर्ची रेणू रोज मैदानात नेऊन ठेवेल. परत मात्र आली पाहिजे.

शंभर वर्षं जगा असं बाकीचे लिहितीलच. मी एवढंच म्हणते की मला उचलाल त्या दिवशी पुढच्या खांद्याला तुम्ही हवे आहात, आणि मला मुळीच घाई नाही. तेव्हा तब्येत सांभाळा, गुडघा डॉक्टरला दाखवा, आणि चहात साखर कमी घ्या.

आता प्रश्न. सत्कारानंतरच्या सोमवारी सकाळी सहाला चौदा मुली मैदानात उभ्या राहतील. त्यांना कोण शिकवणार? याचं उत्तर समितीनं लिहू नये. सचिवांनी सही करू नये. नलिनीबाईंनी निरोप आणू नये. चेंडू पुन्हा माझ्या अंगणात पडला आहे. ज्यानं मारला त्यानंच यावं, समोरच्या दारानं.