राखून ठेवलेली बाजू

पुण्याहून निघताना माझ्याकडे एक पिशवी होती आणि जुन्या रजईत गुंडाळलेला रेकॉर्ड प्लेअर. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असं लिहिलेलं असतं; कंडक्टर मात्र दारात उभा राहून "नगर, नगर" असंच ओरडत होता. शेजारच्या आजोबांनी माझ्या मांडीवरच्या रजईकडे बराच वेळ पाहिलं.

"देव हाय का ह्याच्यात?"

"नाही, गाणी वाजवायचं यंत्र आहे. बेलापूरला एक जुनी तबकडी ऐकायला चाललोय."

"मोबाईलवर न्हाई का त्ये गानं?"

होतं, आणि तीच अडचण होती. मला ब्लूजचं वेड आहे. अमेरिकेत कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या माणसांची ही गाणी शंभरेक वर्षांपूर्वी लाखेच्या तबकड्यांवर निघाली. मूळ साचे बहुतेक मोडीत गेले. आज आपण ऐकतो ते कुणीतरी एखाद्या उरल्यासुरल्या तबकडीवरून उतरवून घेतलेलं. कुणाची तबकडी झिजलेली असते, तर कुणी खरखर काढण्याच्या नादात गाणाऱ्याचा श्वाससुद्धा पुसून टाकतो. त्यातलं सगळ्यांत चांगलं उतरवलेलं शोधणं हा माझा छंद. एका तबकडीनं मला फार दमवलं होतं. तिची पहिली बाजू बरी मिळते. दुसऱ्या बाजूवर एक बाई गाते, आणि तिचा आवाज जिथं म्हणून मिळाला तिथं भजी तळल्यासारख्या आवाजाखाली बुडालेला.

मग एके दिवशी इंटरनेटवर त्याच तबकडीचा फोटो दिसला. खाली लिहिलं होतं, 'आईकडे आहे. कसली आहे, कुणी सांगेल का?' लिहिणारी वंदना, बेलापूरजवळच्या एका शाळेत शिक्षिका. मी फोन केला. ती म्हणाली, "रविवारी या, जेवायलाच या."

नगरला गाडी बदलली. राहुरी मागे पडली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस लागला. तोड चालू होती. पाचटाचा (उसाच्या वाळलेल्या पानांचा) वास खिडकीतून येत होता. प्रवरेच्या पुलाशी उसाची ट्रॉली रुतली होती, म्हणून मी अलीकडेच उतरलो आणि रजई छातीशी धरून पूल पायी ओलांडला. नदीत पाणी थोडं होतं. बगळे मात्र भरपूर.

वंदनाची आई रूथबाई ओट्यावर बसल्या होत्या. पांढरं लुगडं, गळ्यात बारीक क्रूस. त्यांचे यजमान मिशनच्या दवाखान्याची जीप चालवायचे. तिथली अमेरिकन डॉक्टरीणबाई मायदेशी परतताना त्यांना चावीचा फोनो, सुयांची डबी आणि ही तबकडी देऊन गेली. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. फोनोही मोडला.

जेवायला कोंबडीचं कालवण (रस्सा) आणि बाजरीची भाकरी होती. रूथबाईंनी माझ्या ताटात न विचारता तिसरी भाकरी वाढली. जेवण झाल्यावर मी यंत्र मांडलं, गाणं उतरवून घ्यायला पिशवीतला लॅपटॉप त्याला जोडला, आणि नेमकी वीज गेली.

"येईल आता," वंदना म्हणाली. "रविवारी जातेच."

वंदनानं लुगड्यांच्या घडीतून काढून दिलेली तबकडी मी उजेडात धरून पाहिली. पहिली बाजू झिजून राखाडी झाली होती. उलटी केली, तर दुसरी बाजू कोळशासारखी काळी, चकचकीत, एक ओरखडा नाही.

"ती बाजू न्हाई वाजवायची," रूथबाई म्हणाल्या.

मी तबकडी हळूच खाली ठेवली.

"सुया संपत आल्या तवा हे म्हनले, एक बाजू राखून ठिवू. आपुन दोघं म्हातारी झालो की निवांत बसून ऐकू. मंग दर रविवारी मिशनच्या देवळातून आलं की येकच बाजू. मला त्यातला शबुद कळत न्हाई, पन पाठ हाय. हे म्हातारं व्हायच्या आदीच गेले."

मी म्हणालो, "मग राहू द्या, मावशी. नको वाजवायला." मी वायर गुंडाळू लागलो. मनातून फार वाईट वाटत होतं, पण मागण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "तुमी ऐकलंय का त्ये गानं?"

"नीट नाही. एक बाई आहे. तिचा माणूस आगगाडीनं दूर गेलाय, एवढं कळतं."

"बाई हाय व्हय?" त्यांनी वंदनाकडे पाहिलं. "ह्यांना वाटायचं, तिकडं बी पुरुषच आसंल."

पंखा फिरू लागला. वीज आली होती. रूथबाई पंख्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "माजं कान बी चाल्लंत आता. वाजवा."

"नक्की ना, आई?" वंदनानं विचारलं.

"व्हय. वाजवू दे त्यांना."

त्यांना कमी ऐकू येत होतं म्हणून मी माझा हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. माझ्याकडे तो एकच होता. वायर पुन्हा जोडून सुई ठेवली. लॅपटॉपवर रेघा हलू लागल्या, आणि ज्या आवाजासाठी मी इतकी वर्षं धडपडलो, तो माझ्यासमोर चालू असताना मला ऐकू येत नव्हता. मी रूथबाईंचा चेहरा पाहत राहिलो. त्यांनी डोळे मिटले. मध्येच त्यांच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं. हात आपोआप शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर गेला, आणि गाणं संपेपर्यंत तिथंच राहिला.

त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"लई जवळ बसून गाती," त्या म्हणाल्या. "येका जागी हासली बी."

मग पदरानं डोळे टिपून शांतपणे म्हणाल्या, "ह्यांनी उगंच राखली. तवाच ऐकायला पायजे हुतं आमी."

वंदनानं चहा ठेवला. मी गाणं तिच्या मोबाईलवर घालून दिलं. तबकडी मी मागितली नाही, त्यांनीही दिली नाही. ती पुन्हा लुगड्यांच्या घडीत गेली.

परतीच्या एसटीत गाणं माझ्या पिशवीत होतं, पण गर्दीत ते ऐकावंसं वाटलं नाही. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण केव्हाच होऊन गेली होती. एरवी मी असलं काही आणलं की खोलीचं दार लावून घेतो आणि एकटाच ऐकतो. त्या दिवशी स्पीकर बाहेरच्या खोलीत आणले आणि बायकोला हाक मारली.

"उद्या ऐकते ना," ती म्हणाली. "मेथी निवडायचीय."

"आत्ताच ऐकू. मी निवडतो तुझ्याबरोबर."

तिनं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं, आणि मेथीची जुडी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली.