फेलिक्सच्या गिटारची गोलाई

मॅनेजरनं सगळ्यात बारीक तार दाबली, बाजूला ओढली, आणि सूर मेला. टक् झालं आणि पुढं काहीच नाही. त्यानं परत ओढली. परत तेच.

"मिस्त्री, ही गिटार हाय का खुट्टी?" तो म्हणाला.

काम माझ्या हातचं होतं. दोष दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नव्हती.

गाव औंढा नागनाथ. तेव्हा निजामाचं राज होतं. मी सुतार, धंदा बैलगाड्यांचा. शिवरात्रीची जत्रा तोंडावर आली होती आणि एक नाटक कंपनी तंबू ठोकून बसली होती. कंपनीत फेलिक्स नावाचा गोव्याचा माणूस गिटार वाजवायचा. हिवाळ्याच्या सुरुवातीला शिरड शहापूरच्या पुढं नाल्यात कंपनीची गाडी उलटली. गिटार फेलिक्सच्या अंगाखाली आली. गिटारच्या मानेवरची पट्टी उभी चिरली आणि फेलिक्सच्या डाव्या हाताचं, अंगठ्याजवळचं बोट मोडलं. हाडवैद्यानं बोट बसवलं, पण वाकडं बसवलं. ते सरळ होईना.

ती पट्टी म्हणजे फिंगरबोर्ड. तारा तिच्यावर दाबायच्या. तिच्यात धातूचे आडवे तुकडे बसवलेले असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. काही पट्ट्या पार सपाट असतात, काहींची पाठ मधून जरा उचललेली असते. किती उचलायची, ते करणाऱ्यानं ठरवायचं. आता विजेची गिटार वाजवणारी पोरं माझ्याकडं येतात, ती ह्या गोलाईला रेडियस म्हणतात. त्यात अवघड काही नाही. खिळा ठोका, त्याला दोरी बांधा, दोरीच्या दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधून फिरवा. दोरी बारा इंच तर रेडियस बारा इंच. दोरी आखूड तर पट्टी जास्त गोल, दोरी लांब तर जास्त सपाट. गाडीचं चाक आम्ही असंच आखायचो.

दोरी आखताना खिळ्याकडचं टोक माझी बायको गोदा दाबून धरायची. मागच्या पोळ्याला ती गेली. हे लिहिताना मघाशी मी आत हाक मारली, पहिली दोरी किती इंचाची घेतली होती ते विचारायला. हाक मारून झाल्यावर कळलं. नऊ इंचाची होती. माझं मला आठवलं.

नऊ इंच का घेतली ते सांगतो. गाडी करताना आम्ही आधी बैल बघतो. बैल उंच का ठेंगणा, खांदा कसा, त्यावर गाडीचं माप. फेलिक्सचंही मी तसंच केलं. गोदानं चूल सारवायची माती मळून आणली. मी ती लांब काठीवर थापली आणि फेलिक्सला म्हणालो, "दाब. तारा दाबतो तसं."

सहाही तारा एकाच बोटानं आडव्या दाबायच्या, हे गिटारवाल्याला सारखं करावं लागतं. त्याशिवाय गाण्याला साथ होत नाही. फेलिक्सनं वाकडं बोट मातीवर आडवं दाबलं. मातीत बोटाचा बाक उतरला. त्या बाकाला जुळेल अशी दोरी शोधली, ती नऊ इंच निघाली. एका मोडीत काढलेल्या गाडीचं शिसवी लाकूड होतं माझ्याकडं, वर्षानुवर्षं वाळलेलं. त्याची पट्टी केली, जाड ठेवली, पाठ नऊ इंचानं गोल केली, चिरलेल्या पट्टीवरचे फ्रेट काढून वाकवून तिच्यात बसवले. फेलिक्सनं दाबून बघितलं. सहाच्या सहा तारा बोलल्या. त्याचे डोळे भरले.

"मिस्त्री, बोट परत मिला," तो म्हणाला.

आणि मग मॅनेजर आला आणि त्यानं तार ओढली.

मॅनेजरचं नाव तात्याराव. माणूस वाईट नव्हता, पण कंपनी त्याच्या डोक्यावर होती. त्याचा सारंगीवाला मध्येच सोडून गेला होता. कंपनीत गाणाऱ्या बाईंच्या गाण्यांना मींड लागते, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं. पेटीवर ते होत नाही. गिटारवर होतं, पण दाबलेली तार बाजूला ओढावी लागते. पट्टी जास्त गोल असली की ओढलेली तार मधल्या चढावर येते, पुढच्या फ्रेटला टेकते, आणि सूर तिथंच मरतो. हे मला ठाऊक नव्हतं. बैल बघितले होते, गाडीत काय भरणार ते विचारलं नव्हतं.

"सपाट करा," तात्याराव म्हणाला. "पाटासारखी."

"सपाट झाली तर माझं बोट बसत न्हाई, तात्या," फेलिक्स म्हणाला.

"मंग मी काय करू? जत्रेत बाई गाणार आन् मागं नुसती पेटी भुंकणार? मींड निघाली तर तू कंपनीत. न्हाई निघाली तर हिंगोलीहून पूर्णेच्या आगगाडीत बसवून देतो तुला. राग मानू नगं."

फेलिक्स खाली बसला. वाकड्या बोटाच्या माणसाला दुसरी कोणती कंपनी घेणार होती? हे त्यालाही कळत होतं, आम्हालाही.

गोदा चुलीपासून बोलली, "तात्या, त्याचं बोट तुमच्याच गाडीत मोडलं ना?"

"बाई, गाडी उलटली त्यात माझा काय कसूर?"

"कसूर हाय असं न्हाई म्हणून राहिले मी. गाडी तुमची व्हती, येवढंच म्हणून राहिले."

तात्याराव माझ्याकडं वळला. "मिस्त्री, सपाट करता का न्हाई?"

"न्हाई," मी म्हणालो.

"काहून?"

"सपाट केली तर तो दाबू शकत न्हाई. अशीच ठेवली तर तुमची तार मरते. दोन्ही नको. उद्या या."

"उद्या काय व्हणार हाय?"

"ते उद्या बघा. आता जा, मला काम करू द्या."

तो गेला. फेलिक्स गेला नाही. मी त्याला म्हणालो, "आता बसलाच हाय तर वाजव. सगळी गाणी वाजव. मी फक्त हात बघतो."

तो वाजवत राहिला आणि मी बघत राहिलो. गाण्याकडं लक्ष नव्हतं माझं. बोट आडवं कुठं पडतं, तार कुठं ओढली जाते, एवढंच बघत होतो. मग ध्यानात आलं. सहा तारा एकदम दाबायचं काम वर, खुंट्यांकडच्या टोकाला होतं. तार ओढायचं काम खाली, पोटाकडं होतं. दोन कामं, दोन जागा. एकाच पट्टीवर.

"फेलिक्स, खाली पोटाकडं कधी सगळ्या तारा आडव्या दाबतो का?"

"नही. उधर क्या काम?"

"आन् वर कधी तार ओढतो?"

"ओढली तर थोडीशी. वर तार कडक लागते."

झालं. गाडीच्या आखाचं टोक मुळाशी जाड आणि बाहेर निमुळतं असतं. म्हणून चाकाच्या तुंब्याचं, म्हणजे मधल्या गाभ्याचं, भोकही एका अंगाला मोठं आणि दुसऱ्या अंगाला लहान ठेवावं लागतं. एकाच भोकात दोन गोलाया, आणि मधे सरळ उतार. जन्मभर मी तीच भोकं पाडत आलो होतो. पट्टीही तशीच करायची. खुंट्यांकडं नऊ इंच, पोटाकडं सोळा.

पण लाकूड एकच होतं. दुसरं शिसव होतं ते ओलं, ते पिळलं असतं. पट्टी जाड ठेवली होती तेवढाच आधार. पोटाकडची पाठ मधून उतरवायची होती. रंध्याचा एक हात जास्त बसला तर फ्रेटच्या खाचा उथळ पडल्या असत्या आणि पट्टी फुकट गेली असती. मग फेलिक्सला पूर्णेची गाडी धरावी लागली असती.

"आपल्याच्यानं व्हईल का?" गोदानं विचारलं.

"व्हईल."

"मंग दोरी धरते. लांबची कितीची?"

सोळा इंचाचा कंस फळीवर आखला, फळी कापून फर्मा केला. वरच्या टोकाला हात लावला नाही. खालचे फ्रेट काढले. मग रंधा मानेच्या सरळ रेषेत न चालवता प्रत्येक तार जशी जाते तशी रेघ आखून त्या रेघेवर चालवला. तारा खाली फाकत जातात, म्हणून पाठही आपोआप फाकत जाते. दर वेळी पोटाकडं फर्मा लावून बघायचा. उजेड दिसतो का बघायचा. गोदा पलीकडून वाकून बघायची आणि म्हणायची, "कडंला दिसते अजून." मग अजून एक हात. शेवटी रंधा ठेवला आणि काचकागद घेतला. त्यानं वेळ लागतो, पण जास्त जात नाही. खाचा आरीनं जरा खोल केल्या, फ्रेट कमी वाकवून परत ठोकले. खाली पोटावर तारा ज्या हाडाच्या तुकड्यावर टेकतात तो वरून घासून नव्या गोलाईला जुळवला.

दुसऱ्या दिवशी तात्याराव आला. बसला नाही. उभ्यानंच गिटार घेतली, बारीक तार खाली दाबून ओढली. सूर घसरत वर गेला आणि वरच थांबला. त्यानं अजून ओढली. मेला नाही.

"आता ह्याला द्या," मी म्हणालो.

फेलिक्सनं वर वाकडं बोट आडवं टाकलं. सहा तारा बोलल्या. मग हात खाली नेला आणि बाईंच्या गाण्याची ओळ ओढून काढली. गोदा भाकरी थापायची थांबली.

तात्याराव म्हणाला, "सारंगी न्हाई ही."

"गिटार हाय ती," मी म्हणालो. "तुमाला सारंगी पायजे असल तर सारंगीवाला शोधा. मींड मागितली व्हती तुमी. निघाली का न्हाई?"

"निघाली."

"मंग?"

तो तंबूकडं चालता झाला. जत्रेत मी आणि गोदा तंबूत मागं बसलो. बाई गायल्या, फेलिक्सनं साथ केली, लोकांनी तीच ओळ परत मागितली. खेळ संपल्यावर तात्याराव सगळ्यांसमोर म्हणाला, "फेलिक्स, पुढचा मुक्काम जिंतूर. पेटारा आत्ताच गाडीत टाक, सकाळी घाई नको." फेलिक्सनं पेटारा टाकला. गिटार मात्र गाडीत दिली नाही, खांद्याला अडकवली.

घरी येताना गोदा म्हणाली, "समदा तंबू टाळ्या वाजवून राहिला व्हता. तुमी काहून न्हाई वाजवल्या?"

"मी बोट बघून राहिलो व्हतो."

"गाणं कसं झालं मंग?"

"तूच सांग," मी म्हणालो, आणि तिनं घरापर्यंत सांगितलं.

आता कोणी गिटार घेऊन येतो आणि रेडियस किती ठेवू म्हणून विचारतो. मी आकडा सांगत नाही. म्हणतो, आधी माझ्यासमोर तासभर वाजव. पुष्कळांना ते आवडत नाही. ते दुसरीकडं जातात. जाऊ द्या.