फक्त तुला

जाळी विणणाऱ्या आत्यांना सगळं बेट पाठीमागे ‘शंकाआत्या’ म्हणायचं. दूधवाला जरा जास्त हसला की त्या दूध दोनदा हुंगत. भावजयीने तर त्यांचं नाव टाकलं होतं.

त्यात ही भाषावाली बाई आली. बेटाची जुनी भाषा कधीच मेली होती, उरली होती नुसती खडकांची नि खाड्यांची नावं. ती जुळवून बाई भाषेचा माग काढत होती. वर म्हणाली, “आत्या, नावातच जागेचं वर्णन असतं.”

इथे नक्की पाणी मुरतंय, आत्यांना वाटलं. कारण भरपूर माशांच्या एका खडकाचं नाव वडिलांनी जाताना त्यांच्या कानात सांगितलं होतं. “फक्त तुला,” म्हणाले होते. आत्यांनी ते नवऱ्यालाही सांगितलं नाही. धाकट्या भावाची होडी त्या बाजूने भरून येऊ लागली, तेव्हा आपण झोपेत बरळलो आणि नवऱ्याने ते भावाला विकलं, अशी त्यांची खात्रीच पटली. नवऱ्याची गादी ओसरीवर गेली, भावाशी बोलणं संपलं.

आता नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं, छातीत कळ यायची. आपल्याबरोबर बाबांचा शब्दही जाणार, ही भीती संशयाहून मोठी झाली. त्यांनी खिडक्या लावून बाईला नाव सांगितलं.

“अर्धाच अर्थ लागतोय,” बाई म्हणाली. “उरलेल्यासाठी तसंच दुसरं नाव हवं. वडिलांनी भावाला काही सांगितलं असेल?”

भाऊ अंथरुणाला खिळला होता. भावजयीने दार अर्धंच उघडलं. आत्या आत शिरल्या आणि जन्मात पहिल्यांदा ते नाव मोठ्याने बोलल्या. “हे माझं. आता तुझं सांग.”

भाऊ बघतच राहिला. “तुला कोणी सांगितलं?”

“बाबांनी. फक्त मला.”

“मलाही हेच सांगितलं, ताई. म्हणाले, फक्त तुला. तिला कळू देऊ नकोस.”

“दुसरं काही?”

“दुसरं काहीच नाही.”

आत्या कॉटच्या कडेवर बसल्या. सगळ्या बेटावर त्यांनी संशय घेतला होता, फक्त बाबांवर कधी घेतला नव्हता. त्यांना हुंदका फुटला.

“ह्यांना मी ओसरीवर निजवलं रे,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या आजारातसुद्धा.”