देवीच्या डोंगरावर आलेली विमानं

आज लेकीनं अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेच्या बट्ट्या भाजायला घातल्या आणि त्या वासासरशी मला तो दिवस आठवला.

तिच्याच जन्माचा नवस फेडायला आम्ही देवीच्या डोंगरावर गेलो होतो. नव्वदच्या आधीची गोष्ट. तीन महिन्यांच्या लेकीला सतरंजीवर निजवून मी आणि सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, नैवेद्याचं ताट वाढत होतो. तेवढ्यात खालून घरघर ऐकू आली. कपाशीवर औषध फवारणारी दोन जुनाट विमानं, एकावर एक पंख असलेली, दरीतून वर चढत होती. आधी मला वरून त्यांच्या पाठी दिसल्या. मग पुढचं विमान थेट आमच्यावरच आलं. नैवेद्याच्या बट्ट्या भाजलेल्या निखाऱ्यांवरची राख उडाली, जमीन थरथरली.

"ओ माय वं! दवाई टाकी ऱ्हायनं! झाका, बठ्ठं झाका!" अक्का ओरडल्या.

औषधापासून सगळं झाकायचं म्हणून मी पदर पसरला आणि डोळे गच्च मिटून ओणवी झाले.

विमानं शिखराला वळसा घालून निघून गेली. औषधाचा थेंबही पडला नव्हता. डोळे उघडले तर माझ्या पदराखाली नैवेद्याचं ताट होतं. लेकीवर अक्का पालथ्या पडल्या होत्या.

नैवेद्य बाटला तर देवी लेक परत नेईल, असं मला वाटलं होतं. निदान मी स्वतःला तसं सांगत आले. अक्कांनी मरेपर्यंत तो विषय काढला नाही.

"आई, आधी देवीला दाखव ना," लेक आजही चिडली. मी पहिली बट्टी तिच्याच ताटात ठेवली.