डोंगराची मागची बाजू

गावातून आमचा डोंगर अजून अख्खा दिसतो. उत्तरेचा उतार, त्यावरचं वाळलं गवत, माथ्यावरचं देवीचं ठाणं, सगळं जागच्या जागी. खाण मागच्या बाजूनं चालू आहे. म्हणून मी खाणीविरुद्धचं पत्रक वाटलं की लोक पारावरून मान वर करायचे आणि म्हणायचे, "हाय की डोंगर. कुठं गेलाय?"

खाणीची मुदत वाढवायची का, यासाठी ग्रामसभा भरणार होती. आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. ते उठून बोलले तर निम्मं गाव त्यांच्यामागं उठतं. मला त्यांचा एक शब्द हवा होता.

मी पत्रकांवर वाढले. वडील माधवनगरच्या गिरणीत कामगार होते, कामगारांसाठी पत्रकं काढायचे. गिरणी बंद पडली, आम्ही गावी आलो, तरी मरेपर्यंत त्यांची पत्रकं थांबली नाहीत. खरं दिसलं की माणूस गप्प बसत नाही, हे त्यांनी मला शिकवलं. म्हणून मी तात्यांना घेऊन दक्षिणेकडचा चौरंगीनाथाचा डोंगर चढले. आमच्या डोंगराची मागची बाजू तिथून दिसते.

माथ्यावर वाऱ्यानं उभं राहवत नव्हतं. तात्यांनी टोपी खिशात घातली आणि हात लांब करून बोटं उभी धरली. फौजेत लांबची जागा अशीच सांगतात: एक ठळक खूण धरायची आणि तिथून बोटं मोजायची.

"ह्यो मच्छिंद्रगड. तिथनं उजवीकडं, निळा दिसतोय त्यो आगाशिव. मग सदाशिवगड."

"आणि आपला, तात्या?"

"दम धर की. पत्रकवाल्यास्नी लय घाई."

बोटं उजवीकडं सरकली, थांबली, पुन्हा सदाशिवगडावर गेली आणि मोजत परत आली.

"हितंच पायजे," ते म्हणाले.

तिथं पांढरा खड्डा होता. धूळ उठत होती. गावाच्या बाजूला डोंगराची भिंतीएवढी कड उरली होती आणि तिच्या अलीकडं काहीच नव्हतं.

तात्या बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आपण जिंकलो.

"आपलाच हाय. वळखलाच न्हाई म्या."

"मग सभेत एवढंच सांगा. तुमी काय बघितलं ते."

"सांगून?"

"लोकांना कळंल."

"आगं, टिपरवर पोरं कुणाची हाईत? माझं थोरलं बी तिथंच हाय. रोज मागनंच भरून आणत्यात नव्हं?" ते माझ्याकडं वळले. "तुला काय वाटलं, गाव आंधळं हाय?"

जनतेची दिशाभूल, असं मी पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं. दिशाभूल कुणी केलीच नव्हती. गावाला दिसत होतं, कळत होतं, आणि तरीही गाव पारावर बसून मला डोंगर दाखवत होतं. ज्याला ठाऊक नाही त्याला मी सांगू शकते. ज्याला ठाऊक आहे त्याला काय सांगायचं, हे वडिलांनी मला शिकवलं नव्हतं. त्यांनाही ते माहीत नसावं.

ग्रामसभेत तात्या पहिल्या रांगेत बसले. मुदतवाढीसाठी हात वर झाले तेव्हा त्यांनी हात वर केला नाही. विरोधाची वेळ आली तेव्हाही केला नाही. विरोधात मी एकटी होते, आणि माझा हात मोजायची कुणाला गरज पडली नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी गर्दीतून माझी चप्पल शोधून दिली. "घरी ये जेवायला," म्हणाले. मी गेले नाही.