सुमीला पोळी देऊ नका

“यापुढे हिला पोळी द्यायची नाही. कधीच नाही,” डॉक्टर म्हणाले आणि मला त्यांचा भयंकर राग आला.

माझी सुमी तेव्हा चार वर्षांची होती आणि वजन जेमतेम बावीस पौंड. पोरीच्या अंगात काही उरलं नव्हतं आणि हे गृहस्थ तिच्या ताटातली पोळी काढायला निघाले होते.

आजाराचं नाव त्यांनी सिलिॲक डिसीज असं सांगितलं. गव्हात ग्लुटेन नावाचा पदार्थ असतो. कणकेला चिवटपणा येतो तो त्याच्यामुळेच. काही मुलांच्या आतड्यांना तो सोसत नाही, मग खाल्लेलं काहीच अंगी लागत नाही. जवाचंही तेच. परदेशातल्या डॉक्टरांच्या हे नुकतंच ध्यानात आलं होतं.

“मा, यावर औषध नाही. भात द्या, केळी द्या, आणि घरच्यांचं ऐकू नका.” कलकत्त्यातले डॉक्टर आम्हा बायकांना मा म्हणतात. त्या हाकेनं माझा राग थोडा उतरला.

त्याआधीची दोन वर्षं आम्ही काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. सुमीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं असे आणि हातपाय काड्यांसारखे. शौचाला फिकट, तेलकट आणि अतिशय घाण वासाचं होई. आधीच्या एका डॉक्टरांनी बार्लीचं, म्हणजे जवाचंच, पाणी द्यायला सांगितलं, ते मी इमानानं दिलं. वर ताकद यावी म्हणून गहू तीन दिवस भिजवून चीक काढायची आणि तुपात शिजवून भरवायची. ती तोंड फिरवायची. मी नाक दाबून भरवला.

मग इस्पितळात सहा दिवस काढले. रोजचं शौच डब्यात साठवून त्यात चरबी किती जाते ते पाहत. बेरियम मील म्हणजे खडूच्या पाण्यासारखं काहीतरी पाजून पोटाचे एक्स-रे काढले. मी बेहालातल्या घरून सकाळची ट्राम धरायची आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसायची. शेजारच्या बाया विचारत, काय झालंय? सांगायला नावच नव्हतं. नाव मिळालं ते सातव्या दिवशी.

घरी सासूबाई होत्या, साताऱ्याहून खास नातीसाठी आलेल्या. “भातानं कुठं ताकद येते? त्या बंगाल्याचं ऐकून पोरीला मारशील,” त्या म्हणाल्या. मी ऐकलं नाही. रेशनचे दिवस होते, तांदूळ मोजकाच मिळे. शेजारच्या बंगाली बौदींच्या, म्हणजे वहिनींच्या, घरी गहू कुणी तोंडात घालत नसे, त्यांनी आमचा गहू घेऊन खुशीनं तांदूळ दिला.

पंधरा दिवसांत सुमी हसली. जेवायला मागू लागली. आणि तिसऱ्या आठवड्यात पोट पुन्हा फुगलं. घरात सगळे माझ्याकडे बघू लागले. मीही डगमगले, खोटं का बोलू?

“कुठून तरी गहू जातोय. शोधा,” डॉक्टर म्हणाले.

चार दिवस मी डबेन् डबे धुंडाळले. पोट फुगलं की सासूबाई ताकात हिंग घालून देत. आपल्याकडे पोटाला हिंगच देतात, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पोट जास्त फुगलं की हिंगही जास्त. शेवटी हिंगाची डबी घेऊन बडाबाजारात वाण्याकडे गेले. तो हसला. “खालिस हींग कौन खाएगा, माईजी? गोंद और मैदा मिलाते हैं, तभी तो बिकती है.”

घरी येऊन सांगितलं. सासूबाई ताकाचा पेला कितीतरी वेळ घासत बसल्या. तेव्हापासून आमच्या आमटीला हिंग नाही.

तुमच्या घरी असं मूल असेल तर पीठ, रवा, शेवया, बिस्किटं तुम्ही बंद कराल. खरी अवघड जागा पुढे येते. लोक म्हणतात, एवढ्याशानं काय होतंय?

चार महिन्यांनी इथल्या मराठी लोकांच्या मंडळात सत्यनारायण होता. सुमीच्या गालांवर तेव्हा कुठे मांस धरलं होतं. एका वयस्कर बाईंनी शिऱ्याचा द्रोण तिच्यापुढे धरला. मी नको म्हणाले.

“प्रसादाला नाही म्हणू नये गं. एवढ्याशानं काय होतंय?”

“होतं,” मी म्हणाले, आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात चिकापासून हिंगापर्यंत सगळं सांगितलं. त्या बाईंनी द्रोण मागे घेतला नाही.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. त्यांनी तो द्रोण हातात घेतला, कपाळाला लावला आणि शिरा स्वतः खाल्ला.

“तिच्या वाटचा मी खाल्ला. माझ्या हातून तिच्या पोटात विष गेलंय, आता कुणाच्या हातून जाऊ देणार नाही. तिला पूजेतलं केळं द्या.”

केळं मिळालं. त्या डॉक्टरांचे आणि सासूबाईंचे उपकार मी विसरणार नाही.

सुमी आता दहा वर्षांची आहे. कुणाकडेही गेली की ताटाला हात लावण्याआधी विचारते, यात गहू आहे का? लोकांना ती उद्धट वाटते. वाटू दे.