बोरीवरचे पाच डोळे

नर्सरीत किस्से कुणी मुद्दाम सांगत नाही, ते आपोआप साठतात. कलम बांधताना हात गुंतलेले, तोंड मोकळं, आणि बांधलेल्या झाडाला फळ दिसायला चार-पाच वर्षं. एवढ्या वेळात काय काय घडतं!

नव्वद-पंच्याण्णवच्या त्या दिवसांत मी बारामतीजवळच्या एका नर्सरीत होतो. आठवीत शाळा सुटली, तेव्हापासून तिथंच. त्या वर्षी माझं लग्न पाच डोळ्यांवर अडकलं होतं. डोळा म्हणजे चांगल्या जातीच्या काडीवरचा न फुटलेला कोंब. तो गावठी झाडाच्या सालीत बसवायचा आणि पट्टीनं बांधायचा. मुलीचे वडील कळसचे आबा. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता शेती. ते म्हणाले, "शिक्षण न्हाय, जमीन न्हाय. मग हात तरी दाखव. बांधावरच्या गावठी बोरीवर उमराण जातीची बोर भर. धरली, तर बोलू."

मी पाच फांद्यांवर पाच डोळे भरून आलो. धरले की नाही हे कळायला तीन आठवडे लागणार होते.

* * *

कन्हेरीच्या एका पाहुण्यांनी द्राक्षासाठी आधी जंगली वेलाचे खुंट लावले. त्यांची मुळं चिवट असतात. वर्षभरानं खुंट कापून त्यावर द्राक्षाची काडी भरायची असते. आम्ही कात्र्या घेऊन गेलो, तर पाहुणे आडवे आले. इतका देखणा वेल कापायचा?

दोन वर्षांनी मी तिकडून जात होतो. मांडवावर हिरवीगार पानं, खाली बाज, बाजेवर पाहुणे. द्राक्षं लागली का, असं विचारलं.

"न्हाय. बाजारातनं आणतो आन् हितं सावलीला बसून खातो."

त्या बाजेवर मीही थोडा वेळ टेकलो. उठावंसं वाटेना.

* * *

आमच्या सगळ्यांचे गुरू तात्या. एकदा एक शेतकरी टोपलीभर आंबे घेऊन त्यांच्याशी भांडायला आला. सहा वर्षांपूर्वी नेलेलं केशरचं कलम गावठी निघालं होतं. वरची काडी कधीतरी मेली असणार आणि खालचं कोयीचं झाडच वाढलं असणार. टोपली हा पुरावा!

तात्यांनी एक आंबा चोखला. मग आम्हाला एकेक दिला. मग पुन्हा एकेक. शेतकरी बोलत होता आणि आम्ही खात होतो. शेवटी तोही बसला आणि खाऊ लागला. टोपली रिकामी झाल्यावर तात्यांनी चाकू उचलला. "चला, तुमच्या झाडाच्या काड्या घ्यायच्यात."

त्या आंब्याची कलमं आमच्याकडं एका ओळीत उभी राहिली. पाटीवर नाव होतं, 'भांडण'. खपलीही बरीच!

* * *

ते तीन आठवडे मी कुठलंही रोप हातात घेतलं, तरी मला बांधावरची बोरच दिसायची. फांद्या वाकलेल्या, खाली पिवळ्या बोरांचा सडा, आणि कुणीतरी ओच्यात वेचतंय. तोंड मात्र दिसायचं नाही. तात्या दुरून म्हणायचे, "जावईबापू, पट्टी मातीला बांधताय."

शेवटी एसटीनं कळसला गेलो. आबा बांधावर उभे होते. थोड्या अंतरावर त्यांची मुलगी शेरडं राखत होती. बोरीवर डोळे भरले त्या दिवशीही ती तिथंच होती. तेव्हा मी मान वर केली नव्हती.

पहिली पट्टी सोडली. डोळा काळा पडला होता. दुसरा, तिसरा, चौथा तसेच. पाचवा बोट लागताच गळून पडला.

"वाळलं समदं," आबा म्हणाले आणि चालू लागले. मी पट्ट्या गोळा करत राहिलो.

"खाली आणखी एक फांदी फुटलीय."

तिचा आवाज पाठीमागून आला. आबाही थांबले. फांदी खरंच होती, पेन्सिलीएवढी, रसरशीत. तिच्याभोवती बाभळीच्या काट्या रचल्या होत्या, शेरडांचं तोंड पोचू नये म्हणून.

मी आबांकडं पाहिलं. ते टोपी काढून डोकं खाजवत उभे राहिले.

पिशवीत ओल्या फडक्यात उमराणची एक काडी होती. मी गुडघ्यावर बसलो आणि चाकू काढला.

ती जवळ येऊन काट्या बाजूला करू लागली. "मागच्या बारीला लई घाई केली तुमी," ती म्हणाली. "आज दमानं भरा. मी हितंच हाय."